कंपनीचे नाव बदलताना

माझ्या बँकेतील नोकरीची अखेरची काही वर्षे सिल्लोडला गेली. अजिंठ्याच्या पायथ्याशी पसरलेला हा तालुका कापूस, मका आणि मिरचीचा. दसऱ्यानंतर कापसाच्या गाड्या जिनिंगच्या फाटकाशी लागल्या की शाखेतील काउंटरवरही गर्दी वाढत असे. २०१८ च्या दिवाळीनंतर, ऐन हंगामात, एक ज्येष्ठ व्यापारी माझ्या केबिनमध्ये येऊन बसले. जिनिंग कंपनीचे ते संचालक. खाते जुने, व्यवहार चोख, कर्जाचा हप्ता कधी चुकलेला नाही. मात्र त्या दिवशी चेहरा उतरलेला होता.

"साहेब, माल गेला, गाठी पोहोचल्या, पण गिरणीने पैसे अडवून ठेवले आहेत. म्हणतात, बिलावरचे नाव वेगळे आणि खात्यावरचे नाव वेगळे. इकडे गोळेगाव, शिवना, अजिंठ्याचे शेतकरी दारात बसले आहेत. त्यांना काय सांगू?"

हकिकत अशी होती. कंपनीच्या नावात दोन सख्ख्या भावांची, म्हणजे या शेठजींच्या वडिलांची आणि काकांची नावे एकत्र गुंफलेली होती. पुढच्या पिढीत वाटण्या झाल्या. काकांची शाखा बाहेर पडली आणि आपल्या वडिलांचे नाव यापुढे वापरू नये, अशी त्यांनी अट घातली. अट रास्त होती. शेठजींनी शब्द दिला आणि शब्द पाळण्याच्या घाईत दिवाळीच्या वहीपूजनालाच नवे नाव वहीवर घातले. फाटकावरचा फलक रंगवला, बिलबुके छापली, गाठींवर नव्या नावाचे छाप मारले. करायचे राहिले ते एवढेच, की कंपनी निबंधकांच्या दप्तरात नाव अजून जुनेच होते.

आपल्या समाजातील अनेक कुटुंबांची पेढी आता प्रायव्हेट लिमिटेड कंपनी झाली आहे. वाटण्या होतात, धंदा बदलतो, भागीदार निघून जातो आणि नाव बदलण्याची वेळ येते. पेढीच्या काळातील सवय अशी, की मुहूर्त पाहून फलक बदलला म्हणजे नाव बदलले. कंपनीच्या बाबतीत ही सवय किती महाग पडते हे मी जवळून पाहिले; म्हणून हा विषय वाचकांपुढे सविस्तर मांडत आहे.

नाव कोणाचे, कंपनी कोणाची?

सिल्लोडहून अजिंठ्याचा घाट उतरला की जळगाव जिल्हा लागतो. त्याच जिल्ह्यातील अमळनेर येथे मोहम्मद हुसेन हाशम प्रेमजी यांनी वनस्पती तुपाचा कारखाना उभारला. २९ डिसेंबर १९४५ रोजी कंपनीची नोंदणी झाली. नाव होते 'वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स लिमिटेड'. १९६६ मध्ये प्रेमजींचे निधन झाले आणि अवघ्या एकवीस वर्षांच्या अझीम प्रेमजींवर कारभाराची जबाबदारी आली. तूप आणि साबणापलीकडे धंदा वाढू लागला तसे लांबलचक नाव अपुरे वाटू लागले. १९७७ मध्ये ती कंपनी 'विप्रो प्रॉडक्ट्स लिमिटेड' झाली आणि १९८२ मध्ये 'विप्रो लिमिटेड'. जुन्या नावाचीच आद्याक्षरे जुळवून नवे नाव घडवले गेले.

अमळनेरमधील अनेक कुटुंबांनी त्या काळी या कंपनीचे समभाग घेतले होते आणि ज्यांनी ते जपले त्यांची पुढे भरभराट झाली, हे खानदेशात सर्वश्रुत आहे. येथे लक्षात घ्यावयाची गोष्ट अशी, की नाव दोनदा बदलले तरी त्या भागधारकांचा हक्क एका क्षणासाठीही खंडित झाला नाही. तूपवाल्या कंपनीचा भागधारक तोच संगणकवाल्या कंपनीचा भागधारक राहिला. कारण १९४५ साली जन्मलेली कायदेशीर व्यक्ती तीच होती.

त्याच १९४५ साली मुंबईत 'महिंद्र अँड मोहम्मद' ही कंपनी स्थापन झाली. फाळणीनंतर मलिक गुलाम मोहम्मद पाकिस्तानात गेले आणि त्या देशाचे पहिले अर्थमंत्री झाले. भागीदार गेला, म्हणून १९४८ मध्ये नाव 'महिंद्र अँड महिंद्र' झाले. कंपनी मात्र थांबली नाही.

तिसरे उदाहरण आपल्या जिल्ह्याच्या परिचयाचे. वाळूजला १९८५ मध्ये ज्यांचा कारखाना आला, त्या बजाज ऑटोचा उगम १९४५ च्या 'बछराज ट्रेडिंग कॉर्पोरेशन'मध्ये आहे. बछराज हे वर्ध्याचे शेठ. जमनालाल बजाज त्यांच्या घरी नातू म्हणून दत्तक गेले होते. म्हणजे पहिल्या नावात आजोबांचे स्मरण होते. १९६० मध्ये कंपनीचे नाव 'बजाज ऑटो' झाले. पुढे २००८ मध्ये व्यवसायांची विभागणी झाली, तेव्हा मूळ कंपनीने 'बजाज होल्डिंग्ज अँड इन्व्हेस्टमेंट' हे नाव घेतले आणि वाहननिर्मितीचा व्यवसाय ज्या नव्या कंपनीकडे गेला, तिला 'बजाज ऑटो' हे नाव मिळाले. एकाच नावाखाली दोन काळांत दोन निराळ्या कंपन्या असू शकतात, हे यातून ध्यानी येते.

धंदा बदलला, भागीदार गेला, विभागणी झाली. नाव बदलण्याची ही तीन मुख्य कारणे आणि तिन्हींमागचा नियम एकच. कंपनी ही कायद्याने निर्माण केलेली व्यक्ती आहे आणि नाव बदलल्याने व्यक्ती बदलत नाही. तिचे येणे तसेच राहते, देणेही तसेच राहते. नाव बदलल्याने कंपनीचे हक्क, दायित्वे किंवा न्यायालयातील दावे यांवर परिणाम होत नाही, असे १९५६ च्या कंपनी कायद्याच्या कलम २३ मध्ये स्पष्ट शब्दांत लिहिलेले होते. तेच तत्त्व आजही प्रमाण मानले जाते. २०२३ मध्ये आपल्या जिल्ह्याचे नाव छत्रपती संभाजीनगर झाले. पत्त्यात तेवढा बदल झाला. पण जमीन, गट क्रमांक आणि जिनिंगचे छप्पर जागच्या जागीच राहिले. कंपनीच्या नावाचेही तसेच आहे.

शेठजींना त्यांच्या एका हितचिंतकाने वेगळाच सल्ला दिला होता: "नव्या नावाची नवी कंपनी काढा, जुनी हळूहळू बंद करा." वरवर सोपा वाटणारा हा मार्ग फार घातक आहे. नवी कंपनी म्हणजे नवी व्यक्ती. तिला पॅन नवा, जीएसटी क्रमांक नवा, बाजार समितीचा परवाना नवा. जुन्या कंपनीची जमीन तिच्याकडे आणायची तर खरेदीखत आणि मुद्रांक शुल्क आले. बँकेच्या दृष्टीने तिचा पूर्वेतिहास शून्य. वीस वर्षे वेळेवर हप्ते भरले त्याचे श्रेय जुन्या कंपनीच्या दप्तरातच राहते. आणि जुन्या कंपनीचे देणे? ते तर कुठेच जात नाही.

विधिवत मार्ग

आता प्रत्यक्ष प्रक्रिया पाहू. कंपनी कायदा २०१३ चे कलम १३ या विषयाचे मूळ होय.

पहिली गोष्ट पात्रतेची. ज्या कंपनीने वार्षिक विवरणपत्रे किंवा ताळेबंद निबंधकांकडे दाखल केलेले नाहीत, अथवा मुदत संपलेल्या ठेवी, कर्जरोखे किंवा त्यांवरील व्याज थकवले आहे, तिला नाव बदलता येत नाही. म्हणून प्रथम मागील थकबाकी पूर्ण करावी. अनेक कौटुंबिक कंपन्यांची गाडी येथेच अडते.

त्यानंतर संचालक मंडळाची सभा घेऊन नावे सुचवावीत आणि एका संचालकास किंवा कंपनी सचिवास अधिकार द्यावा. सुचवलेले नाव एखाद्या नोंदलेल्या कंपनीच्या नावाशी किंवा नोंदणीकृत व्यापारचिन्हाशी मिळतेजुळते नसावे. हे आधीच पाहणे हिताचे. कारण चुकून तसे नाव मिळाले तरी कलम १६ अन्वये ते बदलण्याचा आदेश येऊ शकतो आणि व्यापारचिन्हाच्या मालकाला त्यासाठी तीन वर्षांपर्यंत अर्ज करता येतो. बँक, विमा, म्युच्युअल फंड असे शब्द संबंधित नियामकाच्या मान्यतेशिवाय वापरता येत नाहीत.

नंतर 'रन' या ऑनलाइन सेवेद्वारे नाव राखून ठेवण्याचा अर्ज करावा. शुल्क १,००० रुपये. पसंतीच्या क्रमाने दोन नावे देता येतात. हरियाणातील मानेसर येथील केंद्रीय नोंदणी केंद्रात त्याची छाननी होते. विद्यमान कंपनीसाठी मंजूर झालेले नाव ६० दिवस राखून ठेवले जाते. हे ६० दिवस भराभर निघून जातात, हे अनुभवाने सांगतो.

नाव राखीव झाले की भागधारकांची असाधारण सर्वसाधारण सभा बोलवावी. तिची सूचना पूर्ण २१ दिवस आधी द्यावी लागते आणि सूचनेसोबत नाव का बदलायचे याचे स्पष्टीकरण जोडावे लागते. बहुसंख्य भागधारकांची आणि त्यांच्याकडे मिळून किमान ९५ टक्के भागभांडवल असल्यास त्यांची संमती मिळाली, तर कमी दिवसांची सूचना चालते. सभेत विशेष ठराव मंजूर व्हावा लागतो, म्हणजे ठरावाच्या बाजूची मते विरोधी मतांच्या किमान तिप्पट असली पाहिजेत. घरगुती कंपनीत याचा अर्थ नीट समजून घ्यावा. ज्या भावाकडे किंवा चुलत्याकडे पंचवीस टक्क्यांहून अधिक मते आहेत, तो एकटा विरोधात उभा राहिला तरी नाव बदलत नाही. म्हणून वाटणीच्या करारातच नावाचा प्रश्न लिहून ठेवावा आणि बाहेर पडणारा पक्ष ठरावाला पाठिंबा देईल हेही नमूद करावे. समभागांचे हस्तांतरण आधी की ठराव आधी, हा क्रम सही करण्यापूर्वी ठरवावा.

ठराव झाल्यापासून ३० दिवसांच्या आत 'एमजीटी-१४' हा नमुना निबंधकांकडे दाखल करावा. त्यासोबत ठराव, सभेची सूचना व स्पष्टीकरण, तसेच दुरुस्त केलेले संस्थापन समयलेख आणि नियमावली जोडावी. नंतर 'आयएनसी-२४' या नमुन्यात नावबदलाला मान्यता मिळण्यासाठी अर्ज करावा. येथे हिशेब करावा. नाव राखीव झाल्यावर सूचनेचे २१ दिवस गेले, सभा झाली, आणि एमजीटी-१४ साठी ३० दिवसांची मुभा आहे म्हणून शेवटच्या दिवसापर्यंत थांबलो, तर ६० पैकी ५१ दिवस संपतात. सुट्ट्या आणि सह्यांची धावपळ धरली तर राखीव नाव हातचे जाते आणि पुन्हा पहिल्यापासून आरंभ करावा लागतो. नाव मंजूर होताच सूचना पाठवावी आणि ठरावानंतर आठवडाभरात दोन्ही नमुने दाखल करावेत.

सर्व योग्य असल्यास निबंधक नव्या नावाचे निगमन प्रमाणपत्र देतात. या प्रमाणपत्राच्या दिनांकापासूनच नवे नाव अस्तित्वात येते. ठरावाच्या दिवशी नव्हे, अर्जाच्या दिवशी नव्हे आणि वहीपूजनाच्या मुहूर्तावर तर नव्हेच. तोपर्यंत बिल, करार, धनादेश, पत्रव्यवहार सर्व जुन्याच नावाने झाले पाहिजे.

प्रमाणपत्रावरील २१ अक्षर-अंकांचा कंपनी ओळख क्रमांक पाहावा. त्यात उद्योगाचा वर्ग, राज्य, स्थापनेचे वर्ष, कंपनीचा प्रकार आणि नोंदणी क्रमांक दडलेला असतो. केवळ नाव बदलले आणि उद्योगाचा वर्ग वा कंपनीचा प्रकार तोच राहिला, तर हा क्रमांक बदलत नाही. कंपनी तीच आहे याची ही सर्वांत साधी खूण.

प्रमाणपत्र आल्यावरची कामे

प्रमाणपत्र म्हणजे कामाचा शेवट, अशी अनेकांची समजूत असते. खरी यादी तेथून सुरू होते आणि तिला क्रम आहे. प्रथम पॅनवरील नाव दुरुस्त करून घ्यावे. पॅन क्रमांक तोच राहतो. सोबत टॅनचीही दुरुस्ती करावी. पॅनवरील नाव बदलल्यानंतर जीएसटी नोंदणीत दुरुस्तीचा अर्ज करावा. जीएसटीची व्यवस्था नावाची पडताळणी पॅनशी करत असल्याने हा क्रम उलटा चालत नाही. बदल झाल्यापासून १५ दिवसांत हा अर्ज करण्याचा नियम आहे, म्हणून पॅनच्या कामाला एक दिवसही उशीर करू नये.

बँकेत नवे प्रमाणपत्र, दुरुस्त समयलेख व नियमावली, संचालक मंडळाचा ठराव, नव्या नावाचा पॅन आणि नव्या शिक्क्यासह सह्यांचे नमुने द्यावे लागतात. कर्जखाते असल्यास आम्ही कंपनीकडून आणि जामीनदारांकडूनही पत्र घेत असू, की नाव बदलले तरी पूर्वीचे सर्व दस्तऐवज त्यांच्यावर बंधनकारक आहेत. यात अविश्वासाचा भाग नसतो. उद्या प्रश्न निघाला तर दोन्ही बाजूंना तो कागद उपयोगी पडतो. जुने धनादेश परत करावेत आणि कोणाला पुढील तारखेचे धनादेश दिले असतील तर ते बदलून द्यावेत.

याखेरीज बाजार समितीचा परवाना, कारखाना परवाना, वीजजोडणी, भविष्य निर्वाह निधी, विमा, वाहनांची नोंदणीपुस्तके, आयात-निर्यात क्रमांक आणि व्यापारचिन्हे यांत दुरुस्ती करावी. जमिनीच्या बाबतीत नवे खरेदीखत नको. मालकी तीच आहे. सातबारा किंवा मालमत्ता पत्रकावर नावबदलाची फेरफार नोंद मात्र अवश्य करून घ्यावी. ती न केल्यास पंधरा वर्षांनी पुढच्या पिढीला 'ही जमीन कोणाची?' हे सिद्ध करत बसावे लागते.

जुने नाव झाकू नये

कायद्यातील एक तरतूद मला सर्वांत महत्त्वाची वाटते. कलम १२ प्रमाणे, नाव बदलल्यापासून दोन वर्षे कंपनीने आपल्या फलकावर, पत्रशीर्षावर आणि बिलांवर नव्या नावासोबत पूर्वीचे नावही दाखवले पाहिजे. यात कसूर झाल्यास कंपनीला आणि जबाबदार अधिकाऱ्यांना दिवसाला १,००० रुपये, कमाल एक लाख रुपयांपर्यंत दंड आहे. हेतू उघड आहे. ज्याने जुन्या नावावर विश्वास ठेवून माल उधार दिला, त्याला आपला देणेकरी कोण हे शोधत फिरावे लागू नये. नाव बदलून देणे चुकवता येईल असे ज्यांना वाटते, त्यांचा मार्ग कायद्याने येथे बंद केला आहे. व्यापारी माणसाची पत ही नावापेक्षा जुनी असते आणि ती जपायची तर जुने नाव लपवून चालत नाही.

हीच गोष्ट उलट बाजूनेही उपयोगी आहे. घरातील कपाटात वडिलांच्या वा आजोबांच्या काळातील समभाग प्रमाणपत्र सापडले आणि त्या नावाची कंपनी आज बाजारात दिसत नाही, म्हणून कागद रद्दीत टाकू नका. कंपनीने नाव बदललेले असू शकते. कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या दप्तरावरून किंवा शेअर बाजाराच्या नोंदींवरून शोध घ्यावा. सात वर्षे लाभांश कोणी घेतला नाही तर तो आणि ते समभाग गुंतवणूकदार शिक्षण व संरक्षण निधीकडे वर्ग होतात. पण योग्य वारसाला तेथून मागून घेता येतात. कागदी समभागांचे हस्तांतरण १ एप्रिल २०१९ पासून बंद झाले आहे. वारसाहक्काने नाव लावता येते, विकण्यासाठी मात्र ते डिमॅट करावे लागतात.

शेठजींचे काय झाले?

त्या दिवशी शेठजींना मी प्रथम नवी बिलबुके कपाटात ठेवून द्यायला सांगितले. त्यांच्या लेखापालांनी नव्या नावाची बिले रद्द करून जुन्या नोंदणीकृत नावाने पुन्हा बिले दिली. नाव, जीएसटी क्रमांक आणि खाते जुळताच गिरणीने पैसे सोडले. मधल्या काळात शेतकऱ्यांचे पैसे कॅश क्रेडिटच्या शिल्लक मर्यादेतून चुकते झाले. ती मर्यादा जुन्याच नावाने मंजूर होती, हे मी त्यांच्या लक्षात आणून दिले. ज्या नावाला ते निरोप देऊन बसले होते, त्याच नावाच्या पतीने त्यांना त्या आठवड्यात तारले.

मग विधिवत काम सुरू झाले. वेगळ्या झालेल्या चुलतभावांनाही मी सुचवल्याप्रमाणे बोलावून घेतले गेले. समभागांचे हस्तांतरण अजून पूर्ण झाले नव्हते, त्यामुळे ठरावाला त्यांची मते आवश्यक होती. एरवी एकमेकांशी न बोलणारी दोन घरे त्या सभेसाठी एका खोलीत बसली आणि ठराव एकमताने झाला. काही आठवड्यांनी प्रमाणपत्र आले.

ते घेऊन शेठजी शाखेत आले, तेव्हा मी त्यांना दोन वर्षांच्या तरतुदीबद्दल सांगितले: फलकावर पूर्वीचे नावही लिहावे लागेल. चुलतभावांची अट मोडेल या काळजीने त्यांनी आधी कायद्याचे कलम लिहून मागितले. ते मी दिले आणि चुलतभावांनीही ते मान्य केले. मग शेठजी थोडा वेळ गप्प बसले आणि म्हणाले, "बरे झाले साहेब. वडिलांचे आणि काकांचे नाव एका रात्रीत पुसले, ही रुखरुख लागून राहिली होती. आता सरकारच म्हणते, दोन वर्षे राहू द्या."

दोन वर्षांनंतर, माझ्या निवृत्तीनंतर, एकदा त्या बाजूला जाणे झाले. फाटकावर केवळ नवे नाव होते. शब्द पाळला गेला होता. आत गादीच्या वर भिंतीवर दोन चौकटी शेजारी शेजारी लावलेल्या दिसल्या. एकीत कंपनीचे पहिले निगमन प्रमाणपत्र, दुसरीत नव्या नावाचे. दोन्हींवर ओळख क्रमांक एकच होता.